बरणीचा तळ

१

संचिता कोसळली ती डोंबिवलीत, ब्लाउज शिवणाऱ्या आसावरीताईंच्या आरशासमोर. लग्नाच्या शालूवरचा ब्लाउज, एक बाही घातलेली, दुसरी लोंबत होती. "अगं, पुन्हा ढगळ झाला की! किती बारीक होशील?" तोंडात टाचण्या धरून आसावरीताई म्हणाल्या. संचिता खुशीत हसली आणि हसता हसताच तिचे डोळे फिरले. बाजूचं स्टूल घेऊनच ती खाली गेली.

तिची वहिनी समीक्षा तिथेच होती, खांद्यावर सात महिन्यांची सान्वी. एका हातानं पोर सावरत तिनं दुसऱ्या हातानं नणंदेचं डोकं उचललं. हात लावला तर कपाळ बर्फासारखं गार.

जवळच्याच नर्सिंग होममध्ये सलाईन लागलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा बाकावर सगळं घर बसलेलं होतं. सासरे सहदेव, सासूबाई कलावती, ऑफिसातून धावत आलेला विनीत आणि अगदी टोकाला, ओढणीखाली सान्वीला पाजत असलेली समीक्षा.

"अंगातलं पोटॅशियम फार खाली गेलंय," डॉक्टर म्हणाल्या. "हृदयाचे ठोके चुकत होते. वेळेवर आणलंत. जुलाबाचं काही घेत होती का ती? वजन उतरवायला पुष्कळ मुली घेतात हल्ली."

"छे हो, असलं काही नाही आमच्यात," कलावतीबाई म्हणाल्या. "लग्न आलंय म्हणून तो ग्रीन टी प्यायची तेवढा."

"नुसत्या ग्रीन टीनं इतकं होत नाही. त्यात दुसरं काहीतरी असणार. कोण करून द्यायचं तिला?"

बाकावरची तीन डोकी एकदमच समीक्षाकडे वळली.

२

ग्रीन टी घरात समीक्षानंच आणलेला, हे काही खोटं नव्हतं. बाळंतपणात चढलेलं वजन उतरायचं नाव घेईना. जुने कुडते दंडातच अडकायचे. कल्याणला त्यांच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणारी दिशा ग्रीन टीची पाकिटं विकायची. "वहिनी, प्या तर खरं, वितळेल सगळं," असं ती जिन्यात भेटली की म्हणायची. समीक्षानं एक पाकीट घेऊन काचेच्या बरणीत ओतलं. मग संचितानंही त्याच बरणीत चमचा घातला. रोज सकाळी समीक्षा आपला कप करायची आणि त्याच बरणीतली पानं संचिताच्या फ्लास्कमध्ये टाकून वरून उकळतं पाणी ओतायची. फ्लास्क घेऊन संचिता ठाण्याला ऑफिसात जायची. बरणी एक, चमचा एक आणि हातही एकच, समीक्षाचा.

सोमवारपासून समीक्षाचीही नोकरी पुन्हा सुरू व्हायची होती, ठाण्यातच. सान्वीला आजी-आजोबांकडे ठेवायचं ठरलेलं. कलावतीबाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे उचलणं, भरवणं, झोपवणं सगळं सहदेवांकडे येणार होतं. कंपनीतून रिटायर झालेला अबोल माणूस. दिवसभर गॅलरीत बसून गावाकडची रोठा सुपारी कातरत बसायचा आणि सकाळी घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, "पोट साफ झालं का?" डोकं दुखो, झोप न लागो, परीक्षेत मार्क कमी पडोत, सहदेवांच्या मते मूळ पोटात. विनीत लहानपणापासून त्याला हसत आला होता. सान्वीला मात्र त्यांच्या मांडीवर जशी झोप लागे तशी आईच्याही लागत नसे.

घरी आल्यावर कलावतीबाईंनी चपला काढता काढताच सुरुवात केली.

"हे बघ समीक्षा, मी कुणावर आळ घेत नाही. पण फ्लास्क तूच भरतेस."

"आई, मीपण तोच चहा पिते."

"तेच तर म्हणते मी! तू पितेस, मग तुला का नाही काही झालं? तू ठणठणीत आणि माझी पोर सलाईनवर. मागे ती तुला बोलली ना, 'वहिनी, तू आधी स्वतःकडे बघ', ते लागलेलं तुला. मला काय दिसत नाही?"

"आई, जाऊ दे ना," विनीत मोबाइलवरून डोकं न काढता म्हणाला. "समी, तूपण नको वाढवूस."

"मी वाढवतेय?"

"आणि सोमवारचं विसर आता," कलावतीबाई म्हणाल्या. "असा संशय डोक्यात घेऊन मी तुझी पोर नाही सांभाळायची. उद्या तिला काही झालं तर तू आमच्यावर ढकलशील."

समीक्षाच्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं. रात्रीत चार वेळा उठायचं, सकाळी डबे करायचे आणि वर हे. पण खरं सांगायचं तर सासूबाईंचं बोलणं तिला तेवढं लागलंच नाही. तिला गाठलं ते वेगळ्याच विचारानं. तिनं स्वतः चहात काही टाकलेलं नव्हतं. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी टाकलं. कुणाच्या कपात कोण काय घालतं याचा पत्ता नाही अशा घरात ती सान्वीला ठेवून जाणार होती.

ती मोरीत सान्वीच्या लंगोट्या धुवायला बसली. आज पुन्हा पातळ, पुन्हा हिरवट. साबणाचा हात अर्ध्यावर थांबला.

तुला का नाही काही झालं?

झालेलं. तिला नव्हे. सान्वीला झालेलं.

३

सान्वीचं पोट कित्येक दिवस बिघडलेलं होतं. सगळे म्हणायचे, दात येतायत. मध्ये समीक्षा माहेरी, आंबिवलीला, राहून आली. तिथे आईच्या हातचा दुधाचा, आल्याचा चहा. ग्रीन टीची आठवणही झाली नाही. सान्वी छान खेळली, पोट ताळ्यावर. परत आली आणि पुन्हा पहिले पाढे. "आंबिवलीचं पाणी बाधलं," असा निकाल कलावतीबाईंनी दिला. तिकडे बरी होती आणि इकडे आल्यावर बिघडली, मग पाणी तिकडचं कसं बाधेल, हे विचारायचंसुद्धा तेव्हा तिच्या जिवावर आलेलं.

तिनं सान्वीच्या डॉक्टरांना फोन लावला.

"आईनं पोट साफ करायचं काही घेतलं तर दुधातून थोडं उतरू शकतं," ते म्हणाले. "प्रत्येक बाळाला त्रास होतोच असं नाही. तुम्ही घेताय का काही?"

"मी घेत नाही, डॉक्टर," समीक्षा म्हणाली. 'मला दिलं जातंय,' हे पुढचं वाक्य तिनं गिळलं.

म्हणजे भानगड फ्लास्कमध्ये नव्हती, बरणीतच होती. मग एकीला सलाईन आणि एकीला काहीच नाही, असं कसं?

दुसऱ्या दिवशी सान्वीला घेऊन ती नर्सिंग होमला गेली. संचिता उशीला टेकून बसलेली, ओठ कोरडे, बोटातली साखरपुड्याची अंगठी सैल झालेली.

"वहिनी, आई काहीबाही बोलली ना तुला? मी सांगितलं तिला, वहिनी असं नाही करणार."

"ते सोड. मला एक सांग, तू चहा प्यायचीस कसा? गाळायचीस कधी?"

"गाळायचं कशाला? पानं फ्लास्कमध्येच ठेवायची. दुपारी पाणी संपलं की ऑफिसातल्या मशीनचं गरम पाणी वर भरायचं. संध्याकाळपर्यंत तेच. शेवटी शेवटी कडू विष लागायचं."

समीक्षा सुस्कारली. ती स्वतः दोन मिनिटांत गाळून मोकळी होत असे, कारण तेवढ्यात सान्वी रडायला लागायची. एकाच बरणीतली पानं, पण एकीच्या कपात त्यांची नुसती चव उतरलेली आणि दुसरीच्या फ्लास्कमध्ये दिवसभर सगळा अर्क.

"आणि पोट? बिघडलेलं ना तुझं?"

संचितानं मान खाली घातली. "हो. पण मला वाटलं, ग्रीन टी काम करतोय. काटा खाली येत होता ना! मग मीच तुला म्हटलं, आणखी एक चमचा घाल."

"आणि सांगितलं नाहीस कुणाला."

"कुणाला सांगणार? नंदाताईंनी आपल्याच घरात बसून ऐकवलेलं, विसरलीस?"

समीक्षा विसरली नव्हती. नंदाताई म्हणजे संचिताची होणारी सासू, ठाण्याला टेंभी नाक्याला राहणारी. लग्नाची बोलणी करायला आल्या, पुरणपोळ्या हादडल्या आणि मग म्हणाल्या, "मुलगी गुणाची आहे हो. फक्त फोटोत जरा भरलेली दिसते. आमच्याकडे सगळ्या शेलाट्या." कलावतीबाई कसनुशा हसल्या. विनीत पाणी आणायला उठला. सहदेव पाहुण्यांसाठी सुपारी कातरत होते. कातरतच राहिले, तबकात मावेना तरी.

"तेव्हापासून घरात कुणी माझ्याशी त्यावर एक शब्द बोललं नाही," संचिता म्हणाली. "बाबाच काय ते. रोज आपले विचारायचे, चहा प्यायलीस का, बरं वाटतंय का. बाकी तुम्हा सगळ्यांना मी जाडी आहे की बारीक, काय पडलेली नव्हती."

समीक्षाचं अर्धं लक्ष सान्वीकडे होतं. ते वाक्य कानावरून गेलं ते तसंच गेलं.

४

घरी आली तेव्हा कलावतीबाई देवळात गेलेल्या, सहदेव गॅलरीत पेंगलेले. समीक्षानं सान्वीला पाळण्यात टाकलं, ओट्यावरची बरणी उतरवली आणि पाहातच राहिली. बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. काल सकाळी फ्लास्क भरताना तर चमचा तळाला लागलेला!

कुणीतरी बरणी भरली होती. पुरावा गाडायला?

तिनं जुना पेपर अंथरला. बरणी उपडी केली असती तर सगळं एक झालं असतं, म्हणून लांब दांड्याच्या चमच्यानं ती वरून थोडं थोडं काढत गेली आणि ढीग वेगळे ठेवत गेली. वरचं सगळं एकसारखं, गुंडाळलेली काळपट हिरवी पानं. तळाशी मात्र रंग बदलला. काळपटामध्ये फिक्या, पिवळट हिरव्या चपट्या चकत्या.

दोन पांढऱ्या वाट्यांत दोन्ही ढिगांतलं थोडं थोडं टाकून तिनं कढत पाणी ओतलं. पहिल्या वाटीत पानं उलगडली, कडेला बारीक दाते असलेली. दुसऱ्या वाटीतही काही तशीच उलगडली. त्या फिक्या चकत्या होत्या तशाच चपट्या पडून राहिल्या. उलगडायला त्यांना गुंडाळी नव्हतीच. शिवाय त्यांच्या कडा सरळ होत्या, एका घावात कापल्यासारख्या. तळाशी एक तपकिरी कपचीही सापडली, नखाएवढी, कडक. असलं काहीतरी तिच्या गाळण्यात याआधीही यायचं. चहाची काडी असेल म्हणून ती टाकून द्यायची.

तिनं सगळं कागदाच्या पुड्यांत बांधलं, सान्वीला कडेवर घेतलं आणि कल्याणच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली.

"पोट साफ व्हायला काही पाला मिळतो का हो?"

"सोनामुखी देऊ? कोणाला पाहिजे? मोठ्या माणसाला ना? लेकुरवाळीला देऊ नका विचारल्याशिवाय."

पुडी हातात आली. बाहेरच्या पायरीवर बसून तिनं ती उघडली. अख्खी, लांबट, पिवळट हिरवी पानं, मध्ये काटक्या आणि चपट्या शेंगा. तिनं एक पान घेऊन नखानं तोडलं आणि आपल्या पुडीतल्या चकतीशेजारी ठेवलं. तोच रंग, तीच शीर, तोच उग्र वास.

सान्वीनं पुडीकडे हात नेला. समीक्षानं तो इतक्या जोरात मागे ओढला की पोर रडायलाच लागली.

५

दिशाच्या दारात उभी राहून तिनं सरळच विचारलं. दिशाचा चेहरा पडला.

"वहिनी, आईशप्पथ, मी काही मिसळत नाही. सील असतं पाकिटाला. हे घ्या, तुमच्यासमोर फोडते." तिनं खरंच एक पाकीट टर्रकन फाडून थाळीत ओतलं. निव्वळ चहा. "काल सकाळीच काकू एक घेऊन गेल्या, तुम्ही डोंबिवलीला निघालात त्यानंतर. संचिता पडली, आता माझ्याकडून कोण घेणार हो? बिल्डिंगभर झालंय."

बरणीतला वरचा थर काकूंच्या पाकिटातला, आणि तो स्वच्छ होता. म्हणजे दिशा सुटली. उरली घरातली माणसं.

कलावतीबाई देवळातून येऊन गुडघ्याला तेल चोळत बसलेल्या. समीक्षानं तेलाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली आणि खाली बसली.

"आई, ग्रीन टीची बरणी तुम्ही भरलीत?"

"मग? भरली तर काय झालं? तळ दिसायला लागलेला. लग्नघर आहे, या घरात बरणीचा तळ दिसू देत नाही मी. मीठ असो, साखर असो, नाहीतर तुमचा तो पाला. संपायच्या आत वर नवीन घालायचं, माझ्या सासूची शिस्त."

"जुनं काढून, बरणी धुऊन?"

"धुते कशाला? थोडं आधीचं ठेवायचंच असतं खाली."

समीक्षा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. पुरावा लपवणारी बाई असं सांगत नाही. आणि त्या शिस्तीमुळेच तर जुना थर तळाशी जसाच्या तसा राहिलेला.

"तुम्हाला वाटत होतं ना, तिनं बारीक व्हावं?"

तेलाचा हात थांबला. कलावतीबाईंचा आवाज एकदम म्हातारा झाला. "मी शब्द दिलेला नंदाताईंना. फोनवर. लग्नापर्यंत कमी होईल म्हटलं. तिचा भात मी बंद केला. पण चहात मी काही नाही गं घातलं. माझं चूर्ण असतं, ते मला लागतं, आणि ते पूड असतं. कुणी दाखवावं घालून, कपात गाळ दिसेल."

खरंच होतं ते. पूड घातली असती तर दिसली असती. ज्यानं घातलं त्यानं पानंच आणली, आणि काटक्या-शेंगा निवडून, चहाच्या मापानं बारीक करून घातली.

समीक्षा उठून सान्वीच्या पाळण्याला झोका देत राहिली. बारीक का केली? संचितानं स्वतःच घातलं असतं, तर सरळ आपल्या फ्लास्कमध्ये पान टाकलं असतं. पिणारीला कशाला बारीक करायची गरज? बारीक करणाऱ्याला ते पिणारीपासून लपवायचं होतं. आणि बारीक केलं कशानं? कलावतीबाई मिक्सर लावतात, नाहीतर खलबत्त्यात कुटतात. त्याचा भुगा होतो. या तर सरळ कापलेल्या चकत्या. सुरी? कात्री?

गॅलरीतून आवाज आला. कट्. कट्. कट्.

रोज ऐकू येणारा. इतका रोजचा की कानांनी ऐकणं सोडून दिलेलं.

समीक्षानं पुडीतली ती तपकिरी कपची काढली आणि दाताखाली धरली. तुरट. रोठा सुपारी.

बाबाच काय ते रोज विचारायचे, चहा प्यायलीस का.

पाळण्याचा झोका थांबला आणि सान्वी कुरकुरली.

६

दुपारचं ऊन गॅलरीच्या गजांतून सहदेवांच्या पायांवर पडलेलं. समीक्षा त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली आणि पेपर उलगडला. एका बाजूला चहा, एका बाजूला त्या चकत्या, मध्ये सुपारीची कपची. सहदेवांनी बघितलं. अडकित्ता हातातच राहिला.

"बाबा, पानं अडकित्त्यानं कातरलीत ना? पण तो पुसला नाहीत आधी."

खाली कुणीतरी भंगारवाल्याशी घासाघीस करत होतं. सहदेवांनी अडकित्ता मांडीवर ठेवला.

"ती बाई माझ्या घरात जेवली," ते म्हणाले. "माझ्या पोरीला माझ्यासमोर बोलली, आणि मी सुपारी कातरत बसलो. तोंड उघडलं नाही माझं. लग्न मोडलं तर, म्हणून. पोरगी आत जाऊन रडली. बापानं मुलीला काय सांगायचं गं, बारीक हो म्हणून? लाज वाटते. मग म्हटलं, पोट साफ झालं की माणूस आपसूक हलकं होतं. झाडाचा पाला आहे. गोळ्याबिळ्या थोड्याच. माझी आई आम्हाला सगळ्यांना द्यायची. बरणीत दिलं टाकून, गुपचूप."

"पालाच तो. पण दिवसभर भिजला फ्लास्कमध्ये. तिच्या हृदयाचे ठोके चुकत होते, बाबा."

"मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ ठाऊक नव्हतं."

"काल आई मला बोलत होत्या, तुम्ही इथेच होतात."

सहदेवांनी मान खाली घातली. "मला वाटलं, आज सांगतो. मग वाटलं, पोरगी घरी येऊ दे, मग सांगतो. तोंड माझं तसंच आहे गं, नंदाताईंसमोर होतं तसंच."

समीक्षाला रागवायचं होतं. राग आलाही असता, पण एवढ्या थकव्यातून वर यायला त्याला वाट मिळेना. ती फक्त म्हणाली, "त्या बरणीतला चहा मीपण पीत होते. आणि सान्वी माझं दूध पिते."

त्यांना कळायला वेळ लागला. मग कळलं. अडकित्ता मांडीवरून घरंगळून फरशीवर पडला, त्या आवाजानं आत सान्वी दचकून रडायला लागली. सहदेव उठले, सवयीनं दोन पावलं पाळण्याकडे गेले आणि मध्येच थांबले. हात पुढे केलेले, तसेच.

"घेऊ का तिला?" त्यांनी विचारलं.

आजवर त्यांनी कधी विचारलं नव्हतं. समीक्षानं उठून सान्वीला स्वतःच घेतलं आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावली.

कडीच्या पलीकडून थोड्या वेळानं आवाज आले. आधी सहदेवांचा, तुटक. मग कलावतीबाईंचा, "काय बोलताय तुम्ही?" विनीत संध्याकाळी आला तेव्हा त्यालाही त्यांनीच सांगितलं, दारात, त्याच्या खांद्यावरची बॅग उतरायच्या आत. समीक्षा आतून ऐकत होती. त्यांनी एकही शब्द गाळला नाही. सान्वीचाही नाही.

मग दारावर टकटक झाली. कलावतीबाई होत्या. हातात दुधाचा चहा, वर आल्याचा वास.

"तुझ्यासमोर केला असता, पण तू बाहेर येईनास," त्या म्हणाल्या. कप टेकवून तिथेच घुटमळल्या. "काल मी फार बोलले तुला." बस, एवढंच. त्यांच्याकडून तेवढंही पुष्कळ होतं.

समीक्षानं कपाकडे बघितलं. चहा निवत गेला, साय धरली. तिच्यानं तो उचलवेना.

७

रविवारी संचिता घरी आली. सहदेवांनी तिच्यासमोरही ते सांगितलं, आणि ती ऐकून बापावर जी ओरडली ते खाली दिशापर्यंत गेलं. "मला विचारायचं तरी! माझं पोट, मला विचारायचं नाही?" मग तिनंच टेंभी नाक्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "नंदाताई, मी नर्सिंग होममधून आलेय. बारीक व्हायच्या नादात गेलेले. आता मी आहे तशीच उभी राहणार, फोटोतपण. चालणार असेल तर तारीख तीच." कलावतीबाईंनी पदर तोंडाला लावला. मग नंदाताई म्हणाल्या, "अगं बाई, मी आपलं सहज बोलले होते." सहज! विनीत पहिल्यांदाच मोबाइल बाजूला ठेवून मोठ्यानं हसला, पण एकटाच.

डोंबिवलीहून आसावरीताईंचा निरोप आला, ब्लाउजात चार बोटं माया ठेवलेली आहे, पोरीला म्हणावं पोटभर जेव, मी उसवून देते.

राहिला सोमवार.

समीक्षा रविवारी दिवसभर सहदेवांकडे बघत होती. ते सान्वीच्या जवळ येत नव्हते. लांबून चुटक्या वाजवत होते. सुपारीचा डबा माळ्यावर गेलेला. सकाळी कुणाला पोटाचं विचारलं नाही, तर घर कसं ओकंओकं वाटलं. ही तीच माणसं, तिनं मनाशी म्हटलं, प्रेम करतात आणि विचारत नाहीत. दुसरी माणसं आणायची कुठून? पाळणाघरातल्या अनोळखी बाईच्या हातात काय असेल, हे तरी तिला कुठे ठाऊक होतं? या हातांचं निदान एक तरी ठाऊक झालेलं.

रात्रीच्या जेवणाआधी तिनं सान्वीला उचललं आणि सहदेवांच्या मांडीवर ठेवलं.

"बाबा, एकच. तिच्या तोंडात जाईल ते मला विचारून. मध नाही, गुटी नाही, पाला नाही. काहीच नाही, मला विचारल्याशिवाय."

सहदेवांनी मान हलवली. सान्वीनं त्यांचं बोट धरून तोंडात घातलं. त्यांनी घाबरून ते काढून घेतलं आणि समीक्षाकडे बघितलं.

सोमवारी ती ठाण्याला ऑफिसात पोचली. खुर्ची तीच होती, थोडी अरुंद झाल्यासारखी वाटली. शेजारचीनं विचारलं, "ग्रीन टी घेणार?" समीक्षा म्हणाली, "साधा चहा सांग. माझ्यासमोर बनतो तो."

कॉम्प्युटर सुरू होईतो फोन वाजला. घरचा नंबर. तिनं घाईनं उचलला.

"समीक्षा, मी बोलतोय. बाबा. ती उठली. पाणी देऊ का? उकळून गार केलेलं आहे. दोन चमचे."

"द्या, बाबा."

"तांब्याच्या भांड्यातलं नाही, स्टीलच्या."

"चालेल."

थोड्या वेळानं पुन्हा. "भाताची पेज झालीय. मीठ घातलेलं नाही. तूप घालू का? नको म्हणत असशील तर नको."

"थोडंसं घाला."

"थोडंसं म्हणजे किती गं?"

तिनं डोळे मिटले. आजूबाजूच्या टेबलांवर लोक कामाला लागलेले. तिला झोप येत होती, रडू येत होतं, आणि भूकही लागलेली होती, अगदी सडकून.

"सुपारीच्या खांडाएवढं," ती म्हणाली.

पलीकडून सहदेव हळूच म्हणाले, "बरं," आणि मागून सान्वीचं हसू ऐकू आलं.

तिनं फोन टेबलावर उताणा ठेवला. पुन्हा वाजला तर पहिल्या रिंगला दिसायला हवा होता.